मोड, लिंबू आणि चहा

मटकीची उसळ खाल्ली की पोट फुगतं, अशी तक्रार अनेक जण करतात. कारण साधं आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात आणि त्या पचवणारं विकर आपल्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो.

मटकी रात्रभर भिजवून पाणी ओतून टाकलं आणि फडक्यात बांधून मोड आणले, की दाण्यातली विकरं कामाला लागतात. याच शर्करा कोंबाच्या वाढीसाठी खर्ची पडतात. लोह धरून ठेवणारं फायटिक आम्लही कमी होतं. वर लिंबू पिळलं, तर त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा मात्र उलटं काम करतो. त्यातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात.

कडधान्यांतले तंतू आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं खाद्य आहेत. म्हणून गॅसच्या भीतीने उसळ सोडू नका. सवय नसेल तर वाटीभराऐवजी दोन चमच्यांनी सुरुवात करा, मोड नीट येऊ द्या, लिंबू पिळा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्या.