चावी आधी, चाक मागून

कयाधू नदीकाठच्या जुन्या विहिरींवर तेलाने काळा पडलेला, चार बोल्ट वर आलेला सिमेंटचा ओटा अजून दिसतो. त्यावर कधीकाळी डिझेल इंजन होतं. विजेच्या मोटारी आल्या आणि बहुतेक इंजनं गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. पण वीज गेली की त्यांचीच आठवण होते.

त्यांतलं दोन चाकांचं संथ इंजन मला सर्वांत प्रिय. इंग्लंडात डर्सलीच्या लिस्टर कंपनीने ते 1930 च्या सुमारास आणलं: सुरुवातीला पाच अश्वशक्ती, मिनिटाला 600 फेरे; नंतर सहा आणि 650. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी तेच घडवलं. चार फटक्यांतला एकच ताकदीचा. उरलेले तीन ओढून नेतं ते चाक. म्हणूनच ते इतकं जड असतं.

बेअरिंग पाहायचं, तर चाक काढावं लागतं. खरी जोखीम इथेच आहे. चाक शाफ्टवर एका निमुळत्या, डोकं असलेल्या चावीने आवळलेलं असतं. घाईत माणूस चाकावरच घण घालतो. चाक बिडाचं, बीड ठिसूळ; आरा तडकतो, आणि तो तडा पुढे चालत्या इंजनात जागा होतो.

खरं काम चावीचं. आदल्या रात्रीच तिच्या फटीत रॉकेल आणि तेल सोडायचं. डोकं आणि चाकाचा मधला तुंबा यांच्यामध्ये पोलादी पाचर घालायची आणि हलक्या, सरळ ठोक्यांनी चावी बाहेर खेचायची. तिरका ठोका बसला तर डोकं तुटतं, मग चावी ड्रिल करून काढण्याची वेळ येते.

या सगळ्याआधी डिझेल बंद करून झडप उचलून ठेवायची, म्हणजे दाब उरत नाही. चाकाच्या एका बाजूला जास्त लोखंड ओतलेलं असतं, ती बाजू खाली आणायची. नाहीतर पट्टा निघताच चाक आपसूक फिरतं आणि बोटं सापडतात. खाली लाकडी ठोकळे, वर चेनपुली. डावं-उजवं कोणतं, ते खडूने लिहायचं. चाक सुटताना समोर कुणी उभं राहायचं नाही.

परत बसवताना चावी पूर्ण लांबीभर टेकते का, ते निळा रंग लावून पाहावं. मात्र तिचं डोकं बाहेर राहतंच, आणि फिरताना ते दिसत नाही. धोतराचा सोगा, साडीचा पदर त्यात अडकला तर माणूस ओढला जातो. म्हणून आधी त्यावर पत्र्याची टोपी बसवायची, मगच हँडल मारायचं.