सोडणे आणि सोडून देणे

‘माय अंकल लेफ्ट टोबॅको.’ या धाटणीचे वाक्य मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेकांनी वहीत पाहिले असेल. आपण ‘लेफ्ट’वर तांबडी रेघ मारतो, वर ‘गेव्ह अप’ लिहितो आणि पुढची वही ओढतो. मुलाला मात्र आपले काय चुकले ते उमगत नाही. काकांनी तंबाखू सोडली, सोडणे म्हणजे लीव्ह. मग बिघडले कुठे?

बिघडले ते ‘सोडणे’ या क्रियापदाच्या ऐसपैसपणामुळे. आपण गाव सोडतो, गाईचे दावे सोडतो, उजनी धरणातून पाणी सोडतो, उपास सोडतो आणि तंबाखूही सोडतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळे क्रियापद लागते: गावाला लीव्ह, दाव्याला अन्टाय, पाण्याला रिलीज, उपासाला ब्रेक. गंमत म्हणजे एकादशीचा उपास द्वादशीला सोडणारा माणूस उपास करणे ‘गिव्ह अप’ करत नाही; पुढच्या एकादशीला तो पुन्हा उपास धरतोच. तंबाखू सोडणारा ती पुन्हा धरणार नाही, अशी आपली अपेक्षा असते. म्हणून तिथे ‘गिव्ह अप’.

हे जोडक्रियापदही काही एकाच अर्थाचे नाही. कोडे सुटेना की आपण ‘हरलो बुवा, तूच सांग’ म्हणतो, तेही ‘आय गिव्ह अप’. खूप खटपट करून हात टेकले, तेही गिव्ह अप. एसटीत म्हाताऱ्या बाईंना जागा दिली, फरारी माणूस पोलिसांच्या स्वाधीन झाला, वडिलार्जित जमिनीतल्या हिश्श्यावर पाणी सोडले, या साऱ्यांना ते चालते. (दान देताना हातावरून पाणी सोडायचे आणि त्या वस्तूवरचा हक्क संपवायचा, या विधीतून आपला हा वाक्प्रचार आला.) इंग्रजीतही स्वाधीन करणे, ताबा देणे हा ‘गिव्ह अप’चा जुना अर्थ आहे. सवय सोडण्याचा अर्थ त्याला नंतर जडला.

याचे समानार्थी शब्द आपण फळ्यावर ओळीने लिहून देतो: स्टॉप, क्विट, सरेंडर, अबँडन, रिनाउन्स, सॅक्रिफाइस. मुले ते पाठ करतात आणि एकाच्या जागी दुसरा ठोकून देतात. पण सरेंडरला समोर कोणी तरी लागतो, ज्याच्यापुढे शस्त्र टाकायचे. रिनाउन्समध्ये जाहीरपणे सांगणे असते. अबँडनमध्ये वाऱ्यावर सोडण्याची छटा आहे, आणि सॅक्रिफाइस केलेली वस्तू प्रिय असावीच लागते. तंबाखूचा ‘त्याग’ म्हटले तर लोक हसतील. क्विट त्यातल्या त्यात बोलीतला, नोकरी आणि व्यसन दोन्हींना चालणारा. यादीपेक्षा प्रत्येक शब्दाला एकेक मराठी प्रसंग जोडून दिला तर तो टिकतो.

सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ लागला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांच्याविषयी इंग्रजीत ‘दे गेव्ह अप देअर लाइव्ज’ म्हणता येते. मराठीत मात्र आपण त्यांनी ‘प्राण दिले’ असेच म्हणू. ‘जीव सोडला’ म्हणजे नुसते मरण, आणि ‘जीव दिला’ म्हणजे आत्महत्या! देणे आणि सोडणे यांतले अंतर इथे आपल्याच भाषेत किती काटेकोर आहे, ते पाहा.

आता त्या ‘अप’कडे वळू. मुले विचारतात, तंबाखू सोडण्यात ‘वर’ काय आहे? प्रश्न रास्त आहे. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप यांतही वर काही जात नाही. तिथे ‘अप’ सांगतो की क्रिया शेवटाला गेली. मराठीत हे काम दुसरे क्रियापद करते: खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक, सोडून दे. ‘पिऊन टाक’मध्ये कोणी काही फेकत नाही आणि ‘सोडून दे’मध्ये कोणी कोणाला काही देत नाही. व्याकरणात आपण याला संयुक्त क्रियापद म्हणून शिकवतोच. तो धडा इंग्रजीच्या तासाला मात्र आणत नाही.

सोलापूरच्या वर्गात तर याचा पुरावा बाकांवरच बसलेला असतो. पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, मोहल्ल्यांत दखनी. कन्नड मूल म्हणेल ‘बिट्टुबिडु’. त्यातल्या दुसऱ्या ‘बिडु’चा मूळ अर्थही सोडणेच, म्हणजे शब्दशः ‘सोडून सोड’. तेलुगू मूल म्हणेल ‘वदिलेय्यि’. त्याच्या शेपटीत ‘टाकणे’ या अर्थाचे क्रियापद मुरलेले आहे. दखनीत ‘छोड दे’. पिऊन टाक म्हणायला कन्नडमध्ये ‘कुडिदुबिडु’, तेलुगूत ‘तागेय्यि’. दोन भाषाकुळे, शब्द निरनिराळे, पण बांधणी एकच. कॉलिन मासिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली भारतीय उपखंडाला एक ‘भाषिक क्षेत्र’ ठरवताना ज्या खुणा तपासल्या, त्यांत ही जोडक्रियापदांची सवय होती. घरी तेलुगू बोलणारे मूल मराठीत कच्चे आणि इंग्रजीत त्याहून कच्चे, असे आपण सहज म्हणून जातो. इथे ते मूल वर्गाला एक जादा उदाहरण पुरवते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. ‘अर्धा तास’ आणि ‘अर्ध्या तासात’ असे दोन तुकडे द्यावेत आणि वाक्ये जुळवायला सांगावे. ‘तो अर्धा तास भाकरी खात होता’ जुळते. ‘त्याने अर्धा तास भाकरी खाऊन टाकली’ कानाला खटकते, तिथे ‘अर्ध्या तासात’च हवे. इंग्रजीतल्या ईट आणि ईट अपचेही तसेच आहे. क्रियेला शेवट आहे की नाही, हे मुले नियम न सांगता ओळखतात.

ही जोडी सगळीकडे जुळेल असे मात्र समजू नये. मराठीत नकार आला की दुसरे क्रियापद बहुधा गळते: ‘पत्र लिहून टाकले’, पण ‘पत्र लिहिले नाही’. ‘लिहून टाकले नाही’ असे सहसा कोणी म्हणत नाही. इंग्रजीतला ‘अप’ नकारातही जागचा हलत नाही. ‘डोन्ट गिव्ह अप’चे मराठी ‘धीर सोडू नकोस’ असे होते, त्यात ‘देणे’ नाही. इंग्रजी वाक्यात ‘इट’ आले तर ते मध्ये शिरते, ‘गिव्ह इट अप’. आणि पुढे क्रियापद असेल तर ‘स्मोकिंग’ हवे, ‘टू स्मोक’ नव्हे. या दोन गोष्टींना मराठीचा आधार नाही, त्या घोकूनच घ्याव्या लागतात.

‘अप’ बदलला की काय होते, ते चादरीच्या दुकानात दिसते. घासाघीस करून दुकानदार थोडा उतरला तर तो ‘गेव्ह इन’, तो उतरेना म्हणून गिऱ्हाईक पायऱ्या उतरले तर ते ‘गेव्ह अप’. आणि ‘लुक अप’, ‘ब्रिंग अप’ यांतल्या ‘अप’ला ‘टाकणे’ लावून पाहू नये. शब्दकोशात शब्द पाहणे आणि मूल वाढवणे, दोन्हींत टाकून मोकळे होण्यासारखे काही नसते.