गोठणगावचे तिबेटी शेजारी

दिवाळी झाली की आमच्या वडशातून नाटक मंडळ्या झाडीपट्टीत गावोगाव निघतात. त्याच सुमारास गोठणगावचे तिबेटीही गाठोडी बांधतात, शहरात स्वेटर विकायला. वडशाहून गोंदियाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलं, की पुढे प्रतापगडच्या बाजूला त्यांची वसाहत आहे. नाव नोर्गेलिंग. ती १९७२ साली वसली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ पासून गोंदियात आहे.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. उंच, कोरड्या पठारावरची माणसं ही. याक पाळायचे, जव पिकवायचा. इथं वाट्याला आला रोवणीचा चिखल. तिथला एक म्हातारा सांगायचा, पहिल्या पावसाळ्यात बांधीत पाय टाकायचीही भीती वाटे. पुढे तोच पऱ्ह्यांची पेंढी आमच्या माणसांसारखी झपाझप बांधू लागला.

त्या म्हाताऱ्याचा मुलगा मला चाचा म्हणतो. जन्म १९८५चा, इथलाच. बोली अस्सल झाडीची. धाकटी बहीण १९८९ची, तीही इथलीच. आईवडील मात्र तिबेटात जन्मलेले. आता कायदा बघा. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय. त्यानंतरच्या मुलांसाठी आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा. म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारा भाऊ नागरिक आणि बहीण परदेशी! दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्टच्या खटल्यात हा जन्माचा हक्क मान्य केला, पण तारखेची रेघ जिथल्या तिथे राहिली.

बहिणीला मुदत संपली की नोंदणीचं पुस्तक नव्यानं करून घ्यावं लागतं. त्यावर ती परदेशी. मी तिला विचारलं, भावासारखा कागद मिळाला असता तर काय केलं असतंस? ती हसली. म्हणाली, चाचा, भावानं तरी कुठं काढलाय? कागद काढला नि वसाहत सोडा म्हणाले, तर आईला कोण बघणार?

मी गप्प राहिलो. तिनं लोणी-मिठाचा चहा पुढे केला. तो मला अजून आवडत नाही, पण संपवला. फाटकापाशी स्वेटरची गाठोडी बांधून ठेवली होती आणि भाऊ गाडीची वेळ विचारत होता.