विश्लेषण : आवडते संगीत नाटक शाळेच्या रंगमंचावर का झेपत नाही? मग निवड कशी करावी?

डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम. नाच, नाटुकली आणि वेशभूषा यांच्या जोडीला एखादी शाळा संगीत नाटकातला प्रवेश करायचे ठरवते. मग वर्गात यादी निघते. कुणाला ‘कट्यार’ हवे असते, कुणाला ‘मानापमान’, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘द साउंड ऑफ म्युझिक’ किंवा ‘अ‍ॅनी’. तालीम सुरू झाली की मात्र लक्षात येते, की मोबाइलवर शंभरदा ऐकलेले पद गळ्यातून उतरत नाही. शेवटी तयार ट्रॅक लावला जातो आणि मुले नुसते ओठ हलवतात. असे का होते, आणि ते टाळता येते का?

ऐकण्याची आवड आणि गाण्याची कुवत यांत अंतर का पडते?

आजच्या शाळकरी मुलांची संगीत नाटकाशी पहिली भेट नाट्यगृहात क्वचितच होते. ती होते चित्रपटात, दूरचित्रवाणीवरील गाण्यांच्या स्पर्धेत किंवा यूट्यूबवर. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतले वसंतराव देशपांडे यांचे गाणे यांमुळे ते गाजले. २०१५च्या चित्रपटाने ते नव्या पिढीपर्यंत पोहोचवले. पण या नाटकाचा विषयच दोन घराण्यांच्या गायकीतला संघर्ष आहे. ज्या पात्राने ‘मोठा गवई’ म्हणून मंचावर उभे राहायचे, त्याचे गाणे खरोखर तयारीचे नसेल तर कथाच कोसळते. तिथे अभिनयाने वेळ मारून नेता येत नाही.

श्रोता म्हणून आपल्याला जे भावते, ते बहुधा कसलेल्या गायकाच्या वर्षानुवर्षांच्या रियाजाचे फळ असते. शाळेच्या हाती असतात सहा-आठ आठवडे, तेही परीक्षा आणि क्लासच्या मधले. त्यामुळे ‘कोणते नाटक सर्वांत आवडते’ हा प्रश्न वेगळा आणि ‘आपल्या वर्गाला कोणते नाटक गाता येईल’ हा प्रश्न वेगळा. बहुतेक फसलेल्या प्रयोगांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवलेले असते.

सगळी संगीत नाटके गायला सारखीच अवघड आहेत का?

नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली आणि ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली आले. ‘सौभद्र’मध्ये पदांची संख्या शंभराहून अधिक आहे. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्यातली अनेक पदे साकी, दिंडी, अंजनीगीत, कामदा अशा सुटसुटीत वृत्तांत बांधलेली आहेत. कीर्तन, आर्या, ओवी, लावणी यांच्या वळणाच्या, लोकांच्या कानांत आधीच असलेल्या चाली त्यात आल्या. पद म्हणजे तिथे जणू सुरात म्हटलेला संवाद. चार ओळी गायच्या, गोष्ट पुढे न्यायची आणि पुन्हा बोलायला लागायचे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९९च्या ‘संगीत शारदा’मध्ये तर भाषाही घरातली, रोजच्या बोलण्यातली आहे.

वळण आले ते १९११ साली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. १९१६च्या ‘संगीत स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन लाभले. ख्याल, ठुमरी, दादरा यांच्या अंगाने पदे फुलू लागली. बालगंधर्वांचा गळा, प्रेक्षकांचे ‘वन्स मोअर’ आणि रात्रभर चालणारे प्रयोग यांनी पदाला मैफलीचे रूप दिले. मराठी रंगभूमीचे ते वैभव होते यात शंका नाही. पण शाळेच्या दृष्टीने पाहिले तर १९११पूर्वीची नाटके सामान्य गळ्याला जवळची आहेत आणि त्यानंतरची अनेक पदे तयारीच्या गळ्यासाठी आहेत. जितके जुने तितके अवघड, हा समज इथे उलटा ठरतो.

आवाज फुटण्याच्या वयात काय होते?

शाळेतल्या संगीत नाटकाची खरी परीक्षा इथे असते. साधारण १२ ते १५ या वयात मुलांची स्वरयंत्रे झपाट्याने वाढतात, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. त्यामुळे मुलग्यांचा आवाज जवळपास एका सप्तकाने खाली उतरतो. काही महिने तो स्थिर नसतो. वरचा सूर लावताना अचानक चिरकतो, खालचा अजून भरलेला नसतो. मुलींचा आवाजही बदलतो, पण तो फरक थोड्या स्वरांचाच असतो. काही काळ आवाजात हवा जास्त जाते आणि दम कमी पडतो.

जुलैमध्ये निवडलेला सातवीतला सुरेल मुलगा डिसेंबरमध्ये तेच पद त्याच पट्टीत म्हणू शकेल, याची खात्री कुणालाच देता येत नाही. असे झाले की अनेकदा मुलालाच बाजूला केले जाते. ‘तुझा आवाज गेला’ हे वाक्य त्या वयात ऐकलेली कित्येक माणसे पुढे आयुष्यभर गाण्याच्या वाटेला जात नाहीत. प्रत्यक्षात आवाज गेलेला नसतो, तो बदलत असतो. पट्टी उतरवणे, चढा भाग समूहाला देणे किंवा ती ओळ गद्यात म्हणू देणे हे तिन्ही उपाय सोपे आहेत. ओरडून किंवा ताण देऊन जुनीच पट्टी गाठायला लावणे मात्र टाळायला हवे.

पेटीच्या भाषेत सांगायचे तर प्रौढ पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. न फुटलेल्या आवाजाची मुले आणि मुली जवळपास एकाच पट्टीत गाऊ शकतात. म्हणूनच कृष्ण किंवा अर्जुन मुलीने करण्यात अडचण नाही, उलट सोय आहे. ज्या रंगभूमीवर अनेक दशके पुरुषांनी सुभद्रा आणि रुक्मिणी गाजवल्या, तिथे हे परंपरेला धरूनच होईल.

पूर्वी लहान मुले संगीत नाटकांत कशी गात असत?

गात असत, पण त्यामागे पूर्ण वेळची तालीम होती. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, तेव्हा त्यांचे वय सतरा होते. पुढे छोटा गंधर्व म्हणून गाजलेले सौदागर नागनाथ गोरे हे दामूअण्णा जोशी यांच्या बालमोहन नाटक मंडळीत लहान वयातच दाखल झाले. कंपनीतल्या मुलांचा दिवस तालीम, पाठांतर आणि प्रयोग यांतच जाई. खाणे, राहणे, शिकणे सारे कंपनीच्या बिऱ्हाडात. आजच्या विद्यार्थ्याची तुलना त्या बालनटांशी करणे अन्यायाचे आहे. त्याला आठवड्यातून दोन-तीन तास मिळतात आणि ते त्याला आनंदाचे वाटले पाहिजेत, एवढीच अपेक्षा रास्त आहे.

परदेशांत शाळांसाठी काय सोय आहे?

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये शाळेचे वार्षिक ‘म्युझिकल’ ही रुजलेली प्रथा आहे. तिथेही हाच प्रश्न आला आणि त्यावर व्यावसायिक उत्तर शोधले गेले. प्रयोगाचे हक्क देणाऱ्या ‘म्युझिक थिएटर इंटरनॅशनल’ या संस्थेने गाजलेल्या नाटकांच्या ‘ज्युनियर’ आवृत्त्या काढल्या. अडीच तासांचे नाटक साधारण तासाभरात बसवले जाते. गाणी छोटी केली जातात, पट्ट्या मुलांच्या आवाजाला जुळवल्या जातात, समूहाला जास्त काम दिले जाते आणि सोबत सरावासाठी वाद्यसंगीत मिळते. ‘ले मिझराब्ल’सारख्या भारदस्त नाटकाचीही शालेय आवृत्ती आहे.

तिथेही निवडीचा नियम तोच. १९७७ साली ब्रॉडवेवर आलेले ‘अ‍ॅनी’ शाळांना सोयीचे वाटते, कारण अनाथाश्रमातल्या मुलींची गाणी मुळात मुलांच्या गळ्यासाठीच रचलेली आहेत. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये सात भावंडे आहेत आणि गाणे शिकणे हाच गोष्टीचा भाग आहे. म्हणजे मूल शिकाऊपणे गायले तरी ते पात्राला शोभते.

मराठीत अशा तयार शालेय आवृत्त्यांची परंपरा नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’पासून बालरंगभूमीला नवे वळण दिले, रत्नाकर मतकरी यांनी तिला समृद्ध केले. पण ‘सौभद्र’ची पाऊण तासाची, मुलांच्या पट्टीतली, स्वरलेखनासह संहिता हातात असावी, ही गरज बहुतेक शाळांत संगीत शिक्षकालाच आपल्या वहीत भागवावी लागते.

परवानगी घ्यावी लागते का?

हा मुद्दा अनेकदा शेवटच्या आठवड्यात आठवतो. भारतात लेखक आणि संगीतकार यांचा कॉपीराइट त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे राहतो. किर्लोस्कर १८८५ साली, देवल १९१६ साली आणि खाडिलकर १९४८ साली निवर्तले. त्यामुळे ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ यांच्या मूळ संहिता आता सर्वांसाठी खुल्या आहेत. ‘कट्यार’चे तसे नाही. दारव्हेकर १९९९ साली आणि अभिषेकी १९९८ साली गेले. जुन्या नाटकाची नवी संपादित रंगावृत्ती किंवा नवे ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असू शकतात, हेही ध्यानात ठेवायला हवे.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग, आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित मंडळीच, असे असेल तर ते उल्लंघन ठरत नाही. मात्र तिकीट लावून बाहेरच्या नाट्यगृहात केलेला प्रयोग, सर्वांसाठी खुली स्पर्धा किंवा संपूर्ण चित्रफीत इंटरनेटवर टाकणे या गोष्टी या सवलतीत बसतात असे गृहीत धरता येत नाही. तिथे लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग. परदेशी नाटकाचा परवाना घेतला असेल, तर संवाद बदलणे किंवा चित्रीकरण करणे यांवर करारात अटी असतात. त्या आधी वाचाव्यात.

मग निवड कशी करावी?

आधी नाटक ठरवून मग मुले शोधण्यापेक्षा आधी मुलांचे आवाज ऐकावेत. प्रत्येकाला सहज गाता येणारा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर पेटीवर पाहून लिहून ठेवला, तर अर्धे काम होते. दुसरे, पात्रसंख्या पाहावी. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ आजच्या तरुणांचे लाडके नाटक आहे, पण ते आवली आणि लखूबाई या दोनच पात्रांवर उभे आहे. चाळीस मुलांच्या वर्गाला त्यात जागा नाही. ‘सौभद्र’मध्ये मात्र सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवणारा बलराम आहे, अर्जुनाच्या बाजूने डाव रचणारा कृष्ण आहे, कळलावा नारद आहे आणि घटोत्कच आहे. न गाणाऱ्या मुलालाही तिथे टाळ्या घेणारे काम मिळते.

तिसरे, विषय मुलांना आपला वाटावा. ‘शारदा’मध्ये पैशाच्या लोभाने एका लहान मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी लावण्याचा घाट आहे. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘सारडा कायदा’ हे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. नाटकाशी त्याचा संबंध नाही, पण नामसाधर्म्यामुळे तसा समज आजही आढळतो. आठवी-नववीच्या मुलींनी ही गोष्ट गाण्यांतून सांगितली, तर इतिहासाच्या धड्याहून ती जास्त पोहोचेल.

आणि शेवटचे म्हणजे तबला-पेटी शक्यतो समोर हवी. ट्रॅक मुलासाठी थांबत नाही. वादक थांबतो, एक मात्रा वाढवतो, चुकलेला सूर सावरून घेतो.

आवडत्या नाटकाचे मग काय?

ते सोडून द्यायचे कारण नाही. ‘कट्यार’ किंवा ‘मानापमान’ मुलांनी ऐकावे, त्याचे प्रयोग पाहावेत, त्यातला एखादा गद्य प्रवेश करावा. आवड ही कानाची असते आणि ती वर्षानुवर्षे वाढत जाते. रंगमंचावर मात्र आजचा आवाज घेऊनच उभे राहायचे असते. साकीच्या चार ओळी स्वतःच्या गळ्याने म्हटलेल्या मुलाला पुढे मोठ्या गवयाचे पद ऐकताना त्यातली मेहनत कळते. ट्रॅकवर ओठ हलवणाऱ्याला ती कळण्याची संधीच मिळत नाही.