दिल्लीचे वार्तापत्र : रिमाइंडरचा मायना

दिल्लीहून पुण्याला पत्रे लिहिण्याची रीत जुनी. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील हिंगणे इथल्या दरबाराच्या घडामोडी कळवत असत. त्या काळी पत्राचा मायनाच सांगे की कोण कोणाला लिहितो आहे : थोरांना ‘विज्ञापना’, बरोबरीच्यांना ‘विनंती’, धाकट्यांना ‘आशीर्वाद’. मी गुडगावातल्या एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळतो (२०१६ पासून कागदोपत्री गुरुग्राम, पण रिक्षावाल्याने ते मनावर घेतलेले नाही) आणि माझा निम्मा दिवस असाच मायना शोधण्यात जातो. मजकूर बहुतेक वेळा एकच असतो : अहो, आमचे काम राहिले आहे.

हे इंग्रजीत सांगताना इथे नुसता ‘रिमाइंडर’ चालत नाही. ‘जेंटल रिमाइंडर’ वरच्या दिशेने जातो, म्हणजे मोठे गिऱ्हाईक, साहेब, मंत्रालयातला अधिकारी. ‘फ्रेंडली’ बरोबरीच्या टेबलाला, तोही डबा एकत्र खात असाल तर. ‘काइंड रिमाइंडर’ लिहिणाऱ्याला बहुधा ‘काइंडली’ म्हणायचे असते. दया समोरच्याने दाखवायची, पण ती चिकटते आपल्याच पत्राला. आणि बिनविशेषणाचा ‘रिमाइंडर’ खाली उतरतो : हजेरीचा तक्ता आज भरा.

नवा असताना मी एका सरकारी कचेरीतल्या संचालकांना ‘फ्रेंडली रिमाइंडर’ पाठवला होता. उत्तर आले नाही. दोन दिवसांनी आमच्या साहेबांना फोन मात्र आला : ‘ये हमारे दोस्त कौन हैं भाई?’

त्यात चूक माझी तशी थोडी इंग्रजीचीही. तिच्यात तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना मिळून एकच ‘यू’. ज्या गावात भाजीवालासुद्धा ‘जी’ लावल्याशिवाय भाव सांगत नाही, तिथे हे कसे निभावे? मग आदराचा सगळा भार विशेषणावर येतो. दिल्लीचे ‘जेंटल’ म्हणजे इंग्रजीत घुसलेले ‘जी’. आमच्या लंडनच्या सहकारी बाईंना ते गोड आवाजातला टोमणा वाटते. त्या ‘जस्ट चेकिंग’ लिहितात, जे इथल्या साहेबाला पाळत ठेवल्यासारखे वाटते.

आपली मराठी माणसांची आणखी एक अडचण. ‘बिलाची आठवण’ मधला ‘ची’ आपण सरळ ‘ऑफ’ करून टाकतो. ‘रिमाइंड यू ऑफ’ चूक नाही, पण त्याला कर्तव्याची जाणीव करून दिल्याचा सूर येतो, नाहीतर ‘तुम्ही मला माझ्या काकांची आठवण करून देता’ असला. राहिलेल्या कामाला ‘अबाउट’ बरा.

सरकारात मात्र हे लाड नाहीत. शेजारी एक निवृत्त सेक्शन ऑफिसर राहतात. माझी कहाणी ऐकून ते म्हणाले, ‘बेटा, सरकार में जेंटल कुछ नहीं होता. रिमाइंडर वन, रिमाइंडर टू, फिर डीओ.’ डीओ म्हणजे अर्धशासकीय पत्र. साध्या सरकारी पत्रात ‘मला असे कळवण्याचे निर्देश आहेत’ एवढेच असते. कोणी कोणाला निर्देश दिले ते धुक्यात. डीओ प्रथमपुरुषी, अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला नावानिशी लिहिलेले, शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेतच म्हटले आहे की समोरच्या अधिकाऱ्याने जातीने लक्ष घालावे असे वाटत असेल तर हा मार्ग घ्यावा. नाव घेऊन हाक मारली की खण उघडतो. याउपर ‘इमिजिएट’चा शिक्का, आणि तोही सवयीचा झाला म्हणून ‘मोस्ट इमिजिएट’! आपल्या मंत्रालयात हेच ‘स्मरणपत्र क्र. २’ आणि ‘अतितातडीचे’ होते. इथल्या हिंदी फायलींत ‘अनुस्मारक’, जो शब्द मोठ्याने उच्चारलेला मी अजून ऐकलेला नाही.

बाहेरच्या साध्या माणसाला डीओ कुठला? त्याच्या हाती २००५ चा माहिती अधिकार. उत्तराला ३० दिवस, ते न आले तर अपील. तिथे जेंटल, काइंड काहीही लागत नाही, तारीख पुरते.

आपल्याकडेही पायऱ्या आहेतच : आधी आठवण, मग पाठपुरावा, मग तगादा, शेवटी भुणभुण. तगादा तर मुळात इथलाच पाहुणा. दिल्लीत त्याला अजून ‘तकाज़ा’ म्हणतात आणि उधारीच्या दुकानात तो रोज ऐकू येतो. फरक इतकाच की आपण या पायऱ्यांना नावे देतो ती दुसऱ्याने केल्यावर. स्वतः करतो तो नेहमी पाठपुरावाच असतो.

हे वार्तापत्र चार दिवस रेंगाळले. काल पुण्याहून संपादकांचा निरोप आला. विशेषण नाही, नमस्कार नाही, क्रियापदही नाही. एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह : ‘लेख?’