जुना लेगो सेट: खेळणं की गुंतवणूक?

माझ्याकडे लेगोचं एक छोटं पोलीस स्टेशन आहे. मी चौथीत असताना दुबईच्या मामाने आणलं होतं. तुकडे सगळे शाबूत आहेत, दोन्ही पोलीसही. पण खोका आईने त्याच दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिला, आणि खिडकीशेजारच्या शोकेसमध्ये राहून पांढऱ्या भिंती पिवळट पडल्या. जुन्या सेटला भाव मिळतो तो मुख्यतः खोका आणि विटांची अवस्था बघून. आमच्या घरी दोन्ही गेलं!

मुळात भाव का वाढतो? डेन्मार्कची ही कंपनी कुठलाही सेट ठरावीक काळच बनवते. मग तो बंद, म्हणजे कलेक्टरच्या भाषेत 'रिटायर'. नवा माल येत नाही, आणि बरेचसे खोके मुलांनी आधीच फोडलेले असतात. सीलबंद उरतात ते थोडे.

आपल्या ताजमहालाचंच बघा. १०१८९ नंबरचा हा सेट २००८ मध्ये आला. ५,९२२ तुकडे, अमेरिकेत किंमत ३०० डॉलर. बंद झाल्यावर सीलबंद खोक्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. घ्यायची ऐपत नव्हती, पण रोज फोनवर त्याचा भाव बघायची सवय लागली होती, शेअर बघतात तशी. आणि २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच सेट नव्या नंबरने ३७० डॉलरला परत आणला! जुन्याचा भाव घसरला. ज्यांनी वरच्या भावात घेऊन ठेवला होता, त्यांच्या हातात एक मोठा खोका राहिला. त्याच वर्षी 'मिलेनियम फाल्कन'ही नव्याने, ७,५४१ तुकड्यांचा होऊन आला, आणि २००७ च्या जुन्या फाल्कनची तीच गत झाली.

"लेगो सोन्यापेक्षा भारी" असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यामागे मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांचा अभ्यास आहे. त्यांनी १९८७ ते २०१५ मधले २,३२२ सेट तपासले आणि सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के निघाला. व्हिडिओवाले इथेच थांबतात. त्याच अभ्यासात काही सेटचा परतावा उणे ५० टक्के होता, आणि भाव चढायला सेट बंद झाल्यावरही दोन-तीन वर्षं लागतात. त्यात आपल्याकडे खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. म्हणजे बाहेरून मागवलेला सेट हातात पडेपर्यंतच महाग झालेला असतो. माझं स्पष्ट मत: पहिल्या पगाराची बचत यात घालू नका. आवडतो म्हणून घ्या, आणि नीट ठेवा.

घेताना एक गोष्ट मात्र करा. ब्रिकलिंक या साइटवर प्रत्येक सेटचं 'प्राइस गाइड' असतं. त्यात गेल्या सहा महिन्यांत सेट प्रत्यक्ष कितीला विकला गेला ते दिसतं. विक्रेता मागतोय तो आकडा सोडा, हा बघा.

आता जपणुकीकडे येऊ. विटा १९६३ पासून एबीएस प्लास्टिकच्या आहेत. त्यातला ब्युटाडाइन हा रबरासारखा भाग विटेला चिवटपणा देतो, पण ऊन लागलं की त्याचाच हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि वीट पिवळी पडते. पांढऱ्या, राखाडी आणि निळ्या विटांवर हे लगेच दिसतं. म्हणून सेट अंधाऱ्या कपाटात ठेवा. माळा नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते.

पावसाळ्यात खरा धोका पुठ्ठ्याला. कोकणात, मुंबईत खोका दमट होऊन फुगतो, बुरशी येते, कसर लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. खोक्यावर खोके रचू नका. उघडलेल्या सेटमध्ये बॅटरी असेल तर आधी काढा, ती गळली की आतली पट्टी खाते. विटा धुवायच्या तर हाताने, ४० अंशांपेक्षा कमी गरम पाण्यात. स्टिकर लावलेले तुकडे भिजवू नका.

पिवळेपणा परत जातो का? जातो, बऱ्यापैकी. मेडिकलमधल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विटा बुडवून उन्हात ठेवायच्या, हातमोजे घालून, आणि भांड्याचं झाकण सैल ठेवून, कारण आत वायू तयार होतो. गंमत म्हणजे ज्या उन्हाने वीट पिवळी होते, तेच ऊन पेरॉक्साइडसोबत तिला पांढरी करतं. पण रंग पुन्हा पिवळा होऊ शकतो, आणि विकताना हे केलंय असं सांगणं हा कलेक्टर मंडळींचा शिरस्ता आहे.

मागच्या मे महिन्यात मी पोलीस स्टेशनच्या चार विटा गच्चीवर अशा ठेवून पाहिल्या. तीन दिवसांत पांढऱ्या झाल्या. बाकीच्या अजून तशाच आहेत. भाचा सुट्टीत आला की त्याच भिंतींवर गाडी आदळतो.