एकच नाव, दोन यंत्रे

बाजारात पर्याय वाढले की ग्राहकाचे स्वातंत्र्य वाढते, असा एक समज रूढ आहे. परंतु एकाच कंपनीची, एकाच नावाची आणि दिसायला सारखी यंत्रे शेजारी मांडली जातात व त्यांतील भेद सांकेतिक आकड्यांत दडून राहतो, तेव्हा ते स्वातंत्र्य नाममात्र उरते. लॅपटॉपच्या खरेदीत नेमके हेच घडते.

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात किंवा सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र ज्या भूमीत रुजवला, तेथील अनेक घरांत या एका खरेदीपायी काही महिन्यांची बचत खर्ची पडते. निवड चुकली, तर ती अभ्यासक्रम संपेपर्यंत निभवावी लागते.

लेनोवो कंपनीच्या ‘आयडियापॅड स्लिम ३’ या मालिकेचेच उदाहरण घ्यावे. तिच्यातील ‘१५एएमएन८’ या यंत्रात रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर मिळतो, तर ‘१५एबीआर८’ या यंत्रात रायझन ५ ७५३०यू. अवघा दहाचा फरक पाहून दोन्ही सारखेच, असे कोणालाही वाटेल. वस्तुतः या चार आकड्यांपैकी तिसरा आकडा प्रोसेसरच्या रचनेची पिढी सांगतो. ‘२’ म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ ही रचना, तर ‘३’ म्हणजे २०२० सालची झेन ३. पहिल्यात चार कोअर आहेत, दुसऱ्यात सहा. आरंभीचा ‘७’ मात्र दोन्हीकडे सारखाच. तो केवळ २०२३ सालची मालिका दर्शवतो. म्हणजे नवेपणा पहिल्या आकड्यात मिरवतो आणि जुनेपणा तिसऱ्यात लपतो.

या प्रदेशाला असा विवेक नवा नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीचे पंप येथील शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत. केवळ कंपनीचे नाव आणि अश्वशक्ती पाहून तो पंप घेत नाही. पाणी किती उंच चढवायचे आणि किती उपसायचे, हे तो आधी ठरवतो. कृष्णाकाठचा पंप माणच्या खोल विहिरीवर चालेलच असे नाही.

लॅपटॉपलाही हाच न्याय लावावा. पत्रव्यवहार, हिशेब, गुणपत्रके एवढेच काम असेल, तर कारकुनाला वा शिक्षकाला साधे यंत्र पुरते. अधिक खर्च निरर्थक होय. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र कोअरची संख्या आणि मेमरी पाहिलीच पाहिजे. अनेक यंत्रांत मेमरी मूळ पटलावरच पक्की जोडलेली असते, ती मागाहून वाढवता येत नाही. आठ जीबी की सोळा, याचा निर्णय खरेदीच्या दिवशीच होऊन जातो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि प्रमाण जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. संकेतांक छापला म्हणजे माहिती दिली, असे मानणे या हक्काची थट्टा ठरेल. विक्रेत्यांनी दुकानात मराठीतून तुलनात्मक तक्ता लावावा. महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी प्रवेशाच्या वेळी गरजेनुसार एक पानी मार्गदर्शन द्यावे. ग्राहकानेही पावतीवर यंत्राचा आणि प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घेण्याचा आग्रह धरावा. पैसा कष्टाचा आहे. तो कशासाठी गेला, हे कळणे हा उपकार नव्हे, अधिकार आहे.